डिजिटल सिग्नेचर "ओके" दाखवतंय, तरी गडबड वाटतेय. टोकनचा ड्रायव्हर डाउनलोड केला होता

चाळकरी_चिन्मय | सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, तातडीचं आहे म्हणून जुने धागे न शोधता नवीन काढतोय, जिलबी (उगाच पाडलेला धागा) वाटली तर माफ करा. मी गिरगावात काकांच्या सीए ऑफिसात बसतो, तीन माणसांचं ऑफिस, आयटी डिपार्टमेंट म्हणजे मीच कारण मला प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढता येतो. गेल्या आठवड्यात जुन्या पीसीने राम म्हटला, नवीन आणला, तर नव्याला सीडी ड्राइव्हच नाही आणि काकांच्या डीएससी टोकनचा (पेनड्राइव्हसारखं असतं ते, आत डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) ड्रायव्हर सीडीवर. इकडे एओसी-४ ची, म्हणजे कंपन्यांच्या वार्षिक हिशेबाच्या सरकारी फॉर्मची, तारीख डोक्यावर, दोन क्लायंटचे फॉर्म सही करून टाकायचेत.

म्हणून काल रात्री घरी लॅपटॉपवर टोकनचं नाव टाकून पुढे ड्रायव्हर डाउनलोड असा सर्च मारला, पहिलीच लिंक उघडली, फाइल घेतली, पेनड्राइव्हवर टाकून आज ऑफिसला आणली. डबल क्लिक केल्यावर निळी खिडकी आली, व्हेरिफाइड पब्लिशर म्हणून कुठल्यातरी कंपनीचं नाव, मी येस दाबलं. ड्रायव्हर बसला, टोकन दिसायला लागलं, काका खूश. पण संध्याकाळी बघतो तर ब्राउझरचं होमपेज बदललेलं आणि खाली घड्याळाशेजारी पीसी फास्ट करून देतो म्हणणारा एक नारिंगी आयकॉन आलेला.

मग फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, डिटेल्स असं करून बघितलं. तिथे स्वच्छ लिहिलंय की सिग्नेचर ओके आहे. आता मी उगाच घाबरतोय का खरंच काही झोल आहे?

बेस्टबस_८३ | सोमवार, रात्री ९:२०

सिग्नेचर ओके म्हणजे ओके. ते होमपेज वगैरे क्रोमच्या अपडेटने झालं असेल. फॉर्म भर आणि झोप.

सीप्झवाली | सोमवार, रात्री ९:३१

बेस्टबस, नाही हो, असं नका सांगू त्याला.

चिन्मय, बाकीचं नंतर. पहिलं ते टोकन पीसीतून काढ. आत्ता घरी असशील तर उद्या सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या काढ, आणि काकांना सांग त्या पीसीवर पिन टाकायचा नाही. टोकनमधली की, म्हणजे सही करणारी गुप्त किल्ली, बाहेर कॉपी होत नाही हे खरं, टोकन घेतो ते त्यासाठीच. पण टोकन लावून ठेवलेलं असेल, पिन एकदा कीबोर्डवर टाइप झालेला असेल आणि पीसीवर भलतंच काही बसलेलं असेल, तर त्याला की चोरायची गरजच काय, तिथल्या तिथे सही मारून घेता येते. आज पिन टाकला होता का?

चाळकरी_चिन्मय | सोमवार, रात्री ९:३४

टोकन ऑफिसातच लावलेलं राहिलंय 😟 पीसी बंद करून आलोय पण. पिन दुपारी एकदा टाकला, लॉगिन चालतंय का बघायला. फॉर्म अजून नाही भरला.

सीप्झवाली | सोमवार, रात्री ९:४१

पीसी बंद आहे तर रात्रभर काही होत नाही, घाबरू नकोस. सकाळी टोकन काढून खिशात. मग दुसऱ्या, चांगल्या मशीनवर पिन बदल. आपण न केलेली एखादी सही कुठे दिसली तर मात्र ज्यांनी डीएससी दिलंय त्यांना कळवून ते रद्द करून घ्यायचं, नवीन घ्यायला थोडे पैसे जातात पण काकांच्या नावावर कुणी सही करण्यापेक्षा बरं.

आता तू सांग, त्या सिग्नेचरमध्ये नाव कोणाचं आहे? टोकन बनवणाऱ्या कंपनीचं, विकणाऱ्याचं, का तिसऱ्याच कुणाचं?

चाळकरी_चिन्मय | सोमवार, रात्री ९:४८

नाव इथे टाकत नाही, पण तिसऱ्याच कुणाचं. टोकनशी दूरदूरचा संबंध नाही. मी बघितलंच नव्हतं ओ, निळा रंग बघितला आणि येस दाबलं. पिवळी आली असती तर थांबलो असतो.

लॅमिंग्टन_रिटर्न | सोमवार, रात्री १०:०५

नव्वद टक्के लोक हेच करतात, मीही करायचो. निळी म्हणजे पब्लिशर ओळखीचा निघाला, पिवळी म्हणजे कोण ते माहीत नाही, एवढाच त्या रंगांचा अर्थ. ओळख पटणं वेगळं आणि माणूस चांगला असणं वेगळं.

मी आमच्या आईला असं समजावलं होतं. दुधाची पिशवी आठवा. मुंबईत पिशवीचा कोपरा ब्लेडने कापून दूध काढायचं, पाणी घालायचं आणि मेणबत्तीवर परत चिकटवायची हे धंदे किती वेळा पकडले गेलेत. सिग्नेचर म्हणजे पिशवी डेअरीतून निघाल्यावर कुणी कापलेली नाही याची खात्री. डेअरीत आत काय भरलं ते पिशवी सांगत नाही.

सीप्झवाली | सोमवार, रात्री १०:१७

पिशवी आवडली, पण यात एक गोष्ट राहते. इथे डेअरी कुणीही काढू शकतं. पैसे भरले, कंपनीचे कागद दाखवले की सर्टिफिकेट देणारा सीए तुम्हाला कोड सायनिंग सर्टिफिकेट, म्हणजे सॉफ्टवेअरवर सही करायचं सर्टिफिकेट, देतो. तो बघतो की ह्या नावाची कंपनी खरंच आहे का. ती कंपनी सॉफ्टवेअर काय बनवते ते तो उघडूनसुद्धा बघत नाही, ते त्याचं कामच नाही. त्यामुळे चिन्मयने जी फाइल घेतली ती बहुतेक चोरीची वगैरे नाहीच, एका खऱ्या नोंदणीकृत कंपनीने स्वतःच्या नावाने साइन केलेला रॅपर आहे, आत खरा ड्रायव्हर आणि सोबत त्यांचा कचरा. सिग्नेचर शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच ओके.

अर्धवटराव | सोमवार, रात्री १०:२२

थांबा थांबा, चिन्मयचे काका सीए, आणि सर्टिफिकेट देणारा पण सीए?? म्हणजे काका सॉफ्टवेअर पास करतात का

लॅमिंग्टन_रिटर्न | सोमवार, रात्री १०:२४

एक चार्टर्ड अकाउंटंट, एक सर्टिफाइंग अथॉरिटी. दोघंही कागद बघून शिक्का मारतात, साम्य आहे खरं 😀

अर्धवटराव | सोमवार, रात्री १०:२६

मग काकांच्या डीएससीने मी माझं सॉफ्टवेअर साइन करू शकतो का

सीप्झवाली | सोमवार, रात्री १०:३३

नाही. कशासाठी वापरायचं ते सर्टिफिकेटच्या आतच लिहिलेलं असतं, कोड सायनिंग असं लिहिलेलं नसेल तर विंडोज ती सही धरत नाही. गंमत म्हणजे १ जून २०२३ पासून कोड साइन करणाऱ्या सगळ्यांनाच की टोकनवर किंवा तसल्या हार्डवेअरमध्ये ठेवणं सक्तीचं झालंय, काकांच्यासारखंच. त्याआधी साध्या सर्टिफिकेटची की लोक फाइल म्हणून पीसीवर, नाहीतर ईमेलमध्ये ठेवायचे आणि मग ती चोरीला जायची.

जुना_जाणकार | सोमवार, रात्री १०:५८

ह्या सिग्नेचरवरचा माझा विश्वास २०१० लाच उडाला. स्टक्सनेट आठवतंय का, इराणमधली युरेनियमची सेंट्रिफ्यूज बिघडवणारा? त्याचे ड्रायव्हर रिअलटेकच्या सर्टिफिकेटने साइन केलेले होते. आपल्या मशीनमध्ये साउंडचा ड्रायव्हर असतो ना, तीच रिअलटेक. ते सर्टिफिकेट रद्द केलं तर पुढचा नमुना जेमायक्रॉनच्या सर्टिफिकेटने साइन केलेला निघाला, दोन्ही कंपन्या तैवानात एकाच गावच्या, शिंचूच्या.

आणि त्याच्याही आधी, २००१ मध्ये व्हेरिसाइन ह्या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीने खुद्द मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन ह्या नावाची दोन सर्टिफिकेटं एका भामट्याला देऊन टाकली होती. मी मायक्रोसॉफ्टचा माणूस म्हणाला, ह्यांनी दिली.

ही झाली चोरी आणि फसवणूक, पण मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्या प्रकाराची. २०१७ मध्ये सीक्लीनर, पीसी साफ करायचं सॉफ्टवेअर, जे आपण सगळ्यांनी नातेवाइकांच्या पीसीवर टाकून दिलंय, त्याची ५.३३ आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या साइटवर, कंपनीच्या खऱ्या सिग्नेचरसकट, आत बॅकडोअर (चोरवाट) घेऊन जवळजवळ महिनाभर बसलेली होती. सुमारे २२.७ लाख मशीनवर गेली. कुणी लिंक चुकलं नाही, नाव चुकलं नाही, काहीच चुकलं नाही. घुसणारे कंपनीच्या आतच घुसले होते, साइन व्हायच्या आधीच्या पायरीवर. २०२० मध्ये सोलरविंड्स ह्या कंपनीच्या नेटवर्क सांभाळायच्या सॉफ्टवेअरचं तेच.

मग मला सांगा, ह्या सिग्नेचरचा उपयोग काय?

सुमनताई_पार्ले | सोमवार, रात्री ११:०४

वाचतेय. अर्धं कळतंय पण वाचतेय.

सीप्झवाली | सोमवार, रात्री ११:२९

जाणकार, उदाहरणं सगळी बरोबर, निष्कर्ष पटत नाही. रिअलटेकचं सर्टिफिकेट रद्द करता आलं, ते का? सिग्नेचर होतं म्हणून. बिनसहीच्या फाइलचं कोण काय रद्द करणार? सीक्लीनर पकडल्यावर नक्की कुठल्या फाइली त्या हे सांगता आलं, तेही सहीमुळे सोपं गेलं.

आणि रोज दिसणाऱ्या केसेस स्टक्सनेटच्या नसतात हो, चिन्मयसारख्या असतात. गेली काही वर्षं हे जाहिरातींचं प्रकरण फार बोकाळलंय, तुम्ही ओबीएस किंवा कीपास असलं फुकटचं सॉफ्टवेअर सर्च करता, सगळ्यात वर स्पॉन्सर्ड असं बारीक लिहिलेली लिंक, पत्ता जवळजवळ तोच, एका अक्षराखाली टिंब. तिथे नाव बघण्याची सवय असेल तर माणूस वाचतो. आमच्याकडे ऑफिसात मी सगळ्यांना एकच सांगते, येस दाबायच्या आधी नाव मोठ्याने वाचा. मनात नाही, मोठ्याने. हसतात, पण मोठ्याने वाचलं की "हे कोण?" असं तोंडातून निघतंच.

अजून एक चिन्मय, तुला ती निळ्या पडद्याची वॉर्निंग, विंडोजने तुमचा पीसी वाचवला म्हणणारी स्मार्टस्क्रीन, ती आली का?

चाळकरी_चिन्मय | सोमवार, रात्री ११:३३

नाही, म्हणून तर निर्धास्त झालो. येस-नोवाली छोटी खिडकी फक्त.

सीप्झवाली | सोमवार, रात्री ११:५०

पेनड्राइव्ह. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतं, ही बाहेरून आलीय म्हणून. ती चिठ्ठी बघूनच स्मार्टस्क्रीन जागा होतो आणि ह्या फाइलची, ह्या पब्लिशरची पत किती ते तपासतो. पण ती चिठ्ठी एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच टिकते, पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ नाहीतर एक्सफॅट असतात, तिथे कॉपी केली की चिठ्ठी गळाली. तुझ्या ऑफिसच्या पीसीला वाटलं फाइल घरचीच आहे. काही झिप उघडणाऱ्या प्रोग्राममध्येही असंच होतं.

म्हणजे वॉर्निंग नाही आली याचा अर्थ कुणी तपासलंच नाही.

बेस्टबस_८३ | मंगळवार, सकाळी ७:४०

अहो पण एवढं कोण करत बसतं. अँटिव्हायरस कशाला आहे मग? व्हायरसटोटलवर टाक, हिरवं आलं की झालं.

लॅमिंग्टन_रिटर्न | मंगळवार, सकाळी ८:१५

व्हायरसटोटल चांगलंच आहे, सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांचं मत एका ठिकाणी मिळतं. पण दोन गोष्टी. तिथे टाकलेली फाइल इतर सिक्युरिटीवाल्यांना मिळू शकते, त्यामुळे क्लायंटच्या बॅलन्सशीट तिथे चढवू नका, मी असे महाभाग बघितलेत. इन्स्टॉलर असेल तर आधी फाइलचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा तिचा आकडा, काढून नुसता तो सर्च करायचा, कुणीतरी आधी टाकलेली असेल तर रिपोर्ट तयारच असतो, ही फाइल पहिल्यांदा कधी दिसली ती तारीखसुद्धा कळते. पाच वर्षं जुना म्हणवणारा ड्रायव्हर परवा पहिल्यांदा दिसला असेल तर काय समजायचं ते समजा.

दुसरं, शून्य आलं म्हणजे सुटलो असं नाही. वर जाणकारांनी सांगितलेला सीक्लीनर महिनाभर कुणाला दिसला होता?

हॅश काढायला काही उतरवायला लागत नाही, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश लिहून पुढे फाइलचा पत्ता द्यायचा, शा-२५६ चा लांबलचक आकडा येतो.

अर्धवटराव | मंगळवार, सकाळी ९:०२

लोकलमध्ये वाचतोय, दादर येईपर्यंत एक शंका. साइटवर पण शा-२५६ लिहिलेला असतो ना, तो जुळला की झालं की. सिग्नेचर कशाला?

जुना_जाणकार | मंगळवार, सकाळी ९:४४

लिनक्स मिंट (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम), २० फेब्रुवारी २०१६. साइट हॅक झाली, डाउनलोडची लिंक बदलून बॅकडोअरवाली आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) ठेवली. ज्याच्या हातात साइट त्याच्या हातात साइटवरचा आकडापण. चोरालाच विचारल्यासारखं, माल खरा आहे का रे बाबा. आकडा दुसऱ्या वाटेने आलेला असला तर त्याला अर्थ, नाहीतर तो फक्त डाउनलोड अर्धवट झालं नाही एवढंच सांगतो, अर्धवटराव.

सीप्झवाली | मंगळवार, सकाळी १०:२०

+१. आणि उलटही होतं, सही खरी आणि कंपनीपण खरी, तरी दोन जणांचा हॅश वेगळा येतो. विंडोजच्या साइन केलेल्या फाइलमध्ये सही ठेवायची जी जागा असते ती स्वतः हॅशमध्ये धरत नाहीत, साहजिक आहे, सहीवर सही कशी करणार. तर तिथे शेपटीला थोडा डेटा चिकटवला तरी सिग्नेचर ओकेच दिसतं. काही कंपन्या याचा चांगला उपयोग करतात, कुठल्या जाहिरातीवरून डाउनलोड झालं त्याचा नंबर तिथे ठेवतात. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही फट बुजवली, पण असे बरेच इन्स्टॉलर बंद पडतील म्हणून नंतर ते ऐच्छिक ठेवलं, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, जाऊन स्वतः चालू करावं लागतं. आणि २०२३ मध्ये थ्रीसीएक्स ह्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये जे घुसले त्यांनी बरोबर हीच फट वापरली, मायक्रोसॉफ्टने साइन केलेल्या एका डीएलएलच्या (प्रोग्रामच्या जोडफाइलच्या) शेपटीला आपला माल चिकटवला. सिग्नेचर? ओके.

त्या थ्रीसीएक्समध्ये ते शिरले कसे तेही वाचण्यासारखं आहे. तिथल्या एका कर्मचाऱ्याने स्वतःच्या मशीनवर शेअर ट्रेडिंगचा एक प्रोग्राम टाकला, बनवणाऱ्यांनी तो २०२० मध्येच बंद केलेला, पण डाउनलोड २०२२ मध्येही साइटवर पडून. साइन केलेला, खऱ्या कंपनीच्या नावाने. आणि आत दुसरेच.

तिसरी_मुंबई | मंगळवार, सकाळी ११:०७

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सुमनताई_पार्ले | मंगळवार, दुपारी १२:३०

मी आपली मोबाइलवाली. मला परवा व्हॉट्सॲपवर आरटीओ चलान म्हणून एपीके (अँड्रॉइडचं ॲप बसवायची फाइल) आली, ह्यांनी खरंच हेल्मेट घातलं नव्हतं त्यामुळे मला खरं वाटलं. भाचा म्हणाला एपीके पण साइन केलेली असते. मग ती बघायची कशी?

लॅमिंग्टन_रिटर्न | मंगळवार, दुपारी १२:४८

ताई, उघडली नाहीत ना? अँड्रॉइडवर सही नसेल तर एपीके बसतच नाही, म्हणजे चोराची एपीकेपण साइन केलेलीच असते. पण तिथे सर्टिफिकेट ज्याचं त्याने स्वतःच बनवलेलं चालतं, कागदपत्रं बघणारा कुणी मध्ये नाही. ती सही फक्त एवढं बघते की उद्या आलेलं अपडेट त्याच माणसाचं आहे ना. त्यामुळे तुम्ही काही बघू नका, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, मग ती चलान असो नाहीतर लग्नपत्रिका, डिलीट. उघडली असेल आणि पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन.

सुमनताई_पार्ले | मंगळवार, दुपारी १२:५५

नाही उघडली. ह्यांना हेल्मेटवरून बोलले मात्र.

चाळकरी_चिन्मय | मंगळवार, दुपारी ४:१०

अपडेट. सकाळी टोकन काढलं. काकांना सांगितलं, ते आधी ओरडले मग घाबरले मग चहा मागवला. सीप्झवाली ताईंनी व्यनित (खाजगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे पीसी फॉरमॅट केला, नवीनच होता, आत काही नव्हतं. त्याआधी फाइलचा हॅश व्हायरसटोटलवर शोधला, ९ जणांनी लाल केलंय, नकोसं सॉफ्टवेअर सोबत आणणारा इन्स्टॉलर असं काहीतरी.

मग लॅमिंग्टन रोडला गेलो, ज्याच्याकडून टोकन घेतलं होतं त्याच्याकडे. तो म्हणाला अहो खोक्यावर साइटचा पत्ता छापलेला असतो, सगळे गूगलच का करतात. तिथून ड्रायव्हर उतरवला, या वेळी थेट ऑफिसच्या पीसीवर. आणि आता परत अडलोय!! सिग्नेचर ओके, पण नाव टोकनच्या ब्रँडचं नाहीये, कुठलीतरी चिनी कंपनी आहे. शिवाय सर्टिफिकेटची मुदत २०२२ मध्येच संपलीय. हात लावू का नको?

सीप्झवाली | मंगळवार, दुपारी ४:३५

शाब्बास, या वेळी नाव वाचलंस.

मुदतीचं आधी. त्याच खिडकीत काउंटरसिग्नेचर म्हणून रकाना आहे, त्यात तारीख बघ. सही २०२२ च्या आधीची असेल आणि तिच्यावर टाइमस्टँप (सही कधी झाली त्याचा शिक्का) असेल तर ठीक. दुकानदाराचं लायसन २०२२ ला संपलं म्हणून त्याने २०२१ ला फाडलेलं बिल खोटं होत नाही. टाइमस्टँप नसता तर मुदतीनंतर सिग्नेचर ओके दाखवलंच नसतं.

नावाचं म्हणशील तर ही टोकनं बनवतो एक आणि आपल्याकडे स्वतःचं नाव लावून विकतो दुसराच, असं सर्रास चालतं. ड्रायव्हर साइन करतो तो बनवणारा. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, खोक्यावर किंवा टोकनच्या मागे बनवणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात असेल, ते सिग्नेचरमधल्या नावाशी ताडून बघ.

चाळकरी_चिन्मय | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

खोकं काकांच्या ड्रॉवरमध्ये मिळालं, दिवाळीच्या साफसफाईत टाकून देणार होते. मागे भिंगाने वाचलं, तेच नाव, स्पेलिंगसकट! टाइमस्टँप २०२१ चा. हॅश शोधला तर व्हायरसटोटलवर २०२१ पासून आहे आणि एकही लाल नाही. विकणाऱ्यालाही फोन करून नाव विचारलं, त्याने पण तेच सांगितलं, वर म्हणाला चार वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिलेच.

इन्स्टॉल केलं. पिन बदलला. एक फॉर्म सही करून गेला, दुसरा उद्या.

जुना_जाणकार | मंगळवार, संध्याकाळी ६:०२

छान. मी अजूनही म्हणेन की ह्यात त्या ओके शब्दाने तुला काहीच मदत केली नाही, दोन्ही फाइलींना ओकेच होतं. मदत केली ती खोक्याने.

सीप्झवाली | मंगळवार, संध्याकाळी ६:११

खोक्यावरचं नाव ताडायला समोर सही होती म्हणून खोक्याचा उपयोग झाला, जाणकार. पण चला, अर्धं तुमचं अर्धं माझं.

बेस्टबस_८३ | मंगळवार, रात्री १०:४७

तो नारिंगी आयकॉन, चिन्मय, त्यावर मध्ये पांढरं रॉकेटसारखं काही होतं का?

चाळकरी_चिन्मय | मंगळवार, रात्री १०:५०

हो!! तुम्हाला कसं माहीत?

बेस्टबस_८३ | मंगळवार, रात्री १०:५८

माझ्याकडे दीड वर्षापासून आहे. मला वाटलं विंडोजचाच आहे.

सीप्झवाली | मंगळवार, रात्री ११:०१

त्या पीसीवर बँकेचं काय काय करता तुम्ही?